चालू आहे, हात लावू नका

३ फेब्रुवारी

भावजी,

देवाचं नाव घेऊन लिहायला बसले आहे. तुमचा पत्ता तुमच्या त्या चष्मेवाल्या मित्राकडून मिळवला. बँकेच्या रांगेत भेटला. आधी द्यायलाच तयार नव्हता, म्हणाला, तो रागावेल. मी म्हटलं, रागवायला आधी पाकीट फोडावं लागेल, तेवढं झालं तरी अकरा वर्षांनी पुष्कळ झालं.

काम लहानसं आहे. तुमच्या फ्लॉप्यांच्या डब्यात एक नंबरची आहे, तीनपासून बावीसपर्यंत सगळ्या आहेत, दोन नंबरची जागा मोकळी आहे. सोबत गेली असेल आणि अजून असेल, तर पोस्टाने पाठवाल का? नसेल तर नाही म्हणून दोन ओळी लिहा. नाहीचं उत्तरही चालेल.

कशाला हवी, हे सांगायला हवं. तुमचे दादा नोव्हेंबरात छापखान्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता घरात माझ्या शोधतील म्हणून मी धास्तावले होते. पण तिसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून तुमचं मशीन खाली काढलं. मी चादरीत बांधून ठेवलं होतं, चादर आतून स्वच्छ निघाली, मशीन मात्र जुन्या दातांसारखं पिवळं पडलंय. तुमची निळी वही उघडून ते रोज नऊ ते बारा त्यासमोर बसतात. ऑफिसात बसायचे तसेच, शर्ट घालून.

शेजारी हसतात. समोरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, या डब्यापेक्षा माझ्या नातवाचं खेळणं हुशार आहे. तुमच्या दादांनी त्यांना समजावलं, की हे साधंसुधं नाही, यावर युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली आहे. तुमचंच वाक्य. युनिक्स म्हणजे काय असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, मोठ्या घराण्यातली सून आहे. वाड्याहवेल्यांत राहायची सवय. तिला आपल्या दोन खोल्यांत नांदवून दाखवायचंय." भंगारातून पोत्यात घालून आणलेलं मशीन, आणि त्यावर अशी सून. मी देवापुढचा दिवा तिच्यावरूनही ओवाळला होता, आठवतं का?

आता ते सुरू होतं, पण मध्येच अडतं. डिस्क दुखावलेली आहे म्हणून सांगतं. वहीत लिहिलंय, अडलं तर एक नंबरने सुरू कर, दोन नंबरने दुरुस्त कर. म्हणून दोन नंबरची हवी.

मागचं काही उगाळत नाही. तेव्हा बटण बंद झालं, जे व्हायचं ते झालं. दादांना हे पत्र माहीत नाही. त्यांनी तुमचं नाव अकरा वर्षांत घेतलेलं नाही, पण वहीची पानं फार जपून उलटतात.

तब्येतीला जपा.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भावजी,

पाकीट मिळालं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नीट बसवलेली फ्लॉपी आणि बाकी काही नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काही लिहिलंय का, म्हणून उजेडात धरून पाहिलं. मग लेबलकडे लक्ष गेलं. माझ्याच अक्षरातला दोन. बावीसही लेबलं तुम्ही माझ्याकडून लिहून घेतली होतीत, माझं अक्षर वळणदार म्हणून. म्हणजे त्या दिवशी खिशात घालून नेलीत, ती तुम्ही टाकली नाहीत. एवढ्यावर मी दोन दिवस काढले.

दादांना काय सांगायचं हा प्रश्न होता. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे, म्हणजे नवीन खोटं. मी फ्लॉपी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, पोस्टाने आली. त्यांनी लेबल पाहिलं, पाकिटावरचा शिक्का पाहिला. म्हणाले, "कोरडी राहिलेली दिसते." बाकी काही विचारलं नाही. पण त्या दिवशी जेवताना पुन्हा वाढून घेतलं, जे ते कधी घेत नाहीत.

आता ऐका काय झालं ते. फ्लॉपी वाचली गेली. मग मशीन तपासत सुटलं. तुम्ही पूर्वी सांगायचात ना, की ही प्रणाली लिहायचं सगळं लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोडं डोक्यात ठेवते, आणि अर्ध्यात वीज गेली तर चोपडीची अनुक्रमणिकाच फाटते. पानं असतात, पण कुठलं पान कुठल्या धड्याचं ते कळत नाही. तर प्रत्येक फाटक्या जागी ते थांबतं आणि विचारतं, दुरुस्त करू का? आपण वाय दाबून हो म्हणायचं. वहीत तुम्ही लिहून ठेवलंय, की एकदाच सगळ्याला हो म्हणून टाकायचीही सोय आहे. पण तुमच्या दादांना ते पटेना. वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हा छापखान्याचा नियम. ते वाचायचे आणि मान हलवायचे, मी वाय दाबायचे. दोन सकाळी गेल्या. स्वयंपाक उरकून हात धुऊन बसायचे. माळेचे मणी ओढावेत तशी मी हो, हो, हो म्हणत होते, आणि मनात येत होतं, मला कोणी असं एकेक करून विचारलं असतं तर बरं झालं असतं. एकदम विचारलं गेलं म्हणून तोंड उघडलं नाही.

शेवटी मशीन उठलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली आणि तिने नाव विचारलं. दादांनी तुमचं नाव घातलं. संकेतशब्द वहीच्या शेवटच्या पानावर होता. तो काय आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या हातच्या ज्या पदार्थासाठी तुम्ही शाळेतून पळत यायचात, त्याचं नाव. मी पदर डोळ्याला लावला तर दादा म्हणाले, धूर कुठून येतोय.

ज्या पानांचा धडा सापडत नाही, ती सगळी मशीन एका कप्प्यात टाकतं. त्या कप्प्याच्या नावाचा अर्थ हरवलेलं-सापडलेलं असा आहे, हे मला मॅट्रिकच्या इंग्रजीवर कळलं. नावं गेलेली, नुसते आकडे. सहाशे चाळीस तुकडे आहेत. दादा एकेक उघडून वाचतात आणि तुमच्या वहीतल्या नोंदींशी ताडून नाव देतात. भाषा त्यांना समजत नाही, पण कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भावजी, ते तुमचं काम आहे. त्या संस्थेला शुक्रवारी दाखवायचं होतं ते, दोन वर्षांचं. सगळं नाही, पण पुष्कळ.

दादा तुमच्यासाठीच हे करताहेत. मला वाटतं ते पुरं झालं की ते पत्र लिहितील, आणि त्यात माफी मागतील. ती त्यांनी मागू नये. का मागू नये, ते मला आज लिहवत नाही. एवढंच लिहिते, की त्या दिवशी मी घरी होते.

वहिनी


९ मार्च

भावजी,

आज सकाळी अकराला हे घडलं, आणि आत्ता बारा वाजून गेलेत. चुलीवरचं उतरवून लिहिते आहे.

दादा तुकडे वाचता वाचता एका फायलीपाशी आले. ती हरवलेली नव्हती, आपल्या जागी धडधाकट होती. मशीनची रोजनिशी. मशीन सुरू कधी झालं, कोण आलं, कोण गेलं. आणि काहीच घडलं नाही तरी दर वीस मिनिटांनी एक ओळ: तारीख, वेळ, आणि मार्क असा शब्द. म्हणजे मी आहे, मी जागं आहे. मी खांद्यावरून वाचत होते. शेवटच्या दिवशीच्या ओळी आल्या. बुधवार. सहा वीस, सहा चाळीस, सात. आठ चाळीसला मार्क. नऊला मार्क. दहाला, दहा चाळीसला, अकराला. अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा. पुढे काही नाही. एकदम या वर्षीचा फेब्रुवारी.

तुम्ही तेव्हा चार दिवस मशीन सलग चालवत होतात. प्रणालीचा गाभा त्या मशीनवरच नव्याने घडवायचा होता, आणि नव्या मशीनला तासभर लागेल त्याला या म्हाताऱ्याला चार दिवस लागतात म्हणाला होतात. बुधवारी संध्याकाळी पुरं होणार होतं. तुम्ही सकाळी सातला संस्थेत गेलात. संध्याकाळी सहाला परत आलात तर मशीन बंद. तुम्ही विचारलंत, "कोणी बंद केलं?" आणि दादा म्हणाले, "मी. सकाळी निघताना."

दादा निघायचे साडेआठला. चौतीस वर्षं, साडेआठला.

ती ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वही उघडली. पुसून टाकायची आज्ञा कुठल्या पानावर आहे ते शोधलं आणि बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिली, शेवटी त्या रोजनिशीचं नाव. आणि एंटर न दाबता मला म्हणाले, चहा कर. मी चहा घेऊन आले तरी ती ओळ तिथेच, पुढे चौकोन लुकलुकतोय. ते दाबत नाहीत, मला विचारत नाहीत. आता गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेत, जे त्यांनी आयुष्यात केलेलं नाही.

म्हणजे त्यांना माहीत आहे. कधीपासून, ते मला माहीत नाही.

भावजी, बटण मी बंद केलं. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. घराबाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करून जायचं. वीज उघड्या नळासारखी वाहते, असं मला माझ्या आईने शिकवलं. रोजचा मीटरचा आकडा वहीत लिहिणारी बाई मी. पडद्याचा उजेड उगाच जळतो म्हणून मीच तुमच्यामागे भुणभुण केली होती, म्हणून तुम्ही पडदा बंद करून नुसती पेटी चालू ठेवायचात, आणि पडद्यावर चिठ्ठी चिकटवायचात. त्या दिवशी ती चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने खाली पडली असावी. मला काळा पडदा दिसला. मी बटण बंद केलं आणि देवळात प्रवचनाला गेले.

संध्याकाळी दादा मी म्हणाले, तेव्हा माझं तोंड उघडं होतं, बोलायला. पण तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "दादा, तुम्ही मला बापाच्या जागी होतात." होतात, असं. मग माझ्याने बोलवलं नाही. आज बोलू, उद्या बोलू करता तुम्ही ट्रंक भरलीत. अकरा वर्षं मी चहात साखर घातलेली नाही, देवाला सांगून सोडली. पण माझा स्वभाव पाहता देवाला वाटलं असेल, ही साखर वाचवते आहे.

दादांचा काही दोष नाही. हे पत्र आत्ता पेटीत टाकून येते, नाहीतर राहील.

वहिनी


१० मार्च

भावजी,

कालच्या पत्रात खोटं आहे. हे आधी मिळालं तर बरं, नाही मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

चिठ्ठी पडली नव्हती.

आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आणि दादा गच्चीवर बोलत होतात, मी जिन्यात कपड्यांचा पिळा घेऊन उभी होते. तुम्ही सांगत होतात, शुक्रवारी मशीन चालवून दाखवलं की जागा पक्की, त्यांच्या कोठारात अशी साठ जुनी मशीनं धूळ खात पडलीत, ती सगळी उठवायची, महिनाभरात तिकडे राहायला जायचं. आठ तासांचा प्रवास. आणि मग म्हणालात, वहिनीला एवढ्यात सांगू नका, उगाच रडारड करेल.

तुमची आई गेली तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे. या घरात मी आले त्याला चार महिने झाले होते. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचे. मिशी फुटली तसं तुम्हीच म्हणालात, आता अहो म्हणा, मित्र हसतात. म्हणायला लागले. तुमच्या तापात, परीक्षांत, त्या पहिल्या नोकरीवरून काढलं तेव्हा, मी तुमच्यापुढे एकदाही रडले नव्हते. आणि तुम्ही म्हणालात, रडारड करेल.

सकाळी तुम्ही दोघं गेलात. मी पूजा केली, पोथी वाचली, आणि सगळा वेळ शेजारच्या खोलीतून ती घरघर ऐकू येत होती. पेटी चालू आहे हे मला माहीत होतं. मी उठून गेले. चिठ्ठी पडद्यावर होती, चारही कोपऱ्यांना चिकटवलेली. वाचली. तुमचं अक्षर. मी ती चारही कोपऱ्यांनी सोडवली, नखाने, फाटू न देता, आणि बटण दाबलं. घरघर एकदम गेली नाही, दम लागलेलं माणूस बसतं तशी बसली. मला बरं वाटलं. हे वाक्य मी कालपासून तीनदा टाळलं. मला बरं वाटलं.

तुमचं दोन वर्षांचं काम जाईल, हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. दिवा मालवला की पुन्हा लावता येतो, तेवढीच माझी अक्कल. मला एवढंच हवं होतं, की तुमचा एक दिवस वाया जावा. शुक्रवारचा सोमवार व्हावा. कोणाच्या तरी भाताखालचा जाळ जरा कमी करावा, इतकं ते लहान होतं. आणि मग मी प्रवचनाला गेले आणि पुढच्या रांगेत बसले.

काल पत्र टाकून आले तेव्हा दादा मशीनसमोर होते. ती पुसायची ओळ तशीच. मी म्हटलं, ती ओळ मागे घ्या, मी त्याला लिहिलंय. मग आत्ता लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं, पत्रात नव्हतं तेही. ते ऐकत राहिले. मग उठले आणि त्यांच्या जाड शब्दकोशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

भावजी, माझा कद्रूपणा माझ्या आधी कबूल होऊन बसला होता. पाठकोरा कागद मी टाकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सवयीच्या हातांनी ती चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या चिमट्यात लावली, आणि दुपारी तिच्याच मागे मी वाणसामानाची यादी केली. दादा साडेपाचला घरी आले, नेहमीप्रमाणे वरचा कागद खेचला आणि दुकानात गेले. वाण्याने वाचण्यासाठी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मागच्या बाजूला दादांना तुमचं अक्षर दिसलं. घरी आले तेव्हा तुम्ही विझलेल्या मशीनसमोर बसला होतात आणि विचारत होतात, कोणी. तो कागद तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

मी विचारलं, का केलंत असं. तुम्हाला दादा माहीत आहेत. दहा मिनिटं कीबोर्डवरची धूळ फुंकत बसले. मग म्हणाले, "माझ्यावर रागावला तर भावावर रागावला. तुझ्यावर रागावला असता तर पोरका झाला असता."

मी त्यांना सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते, की त्यांचा हिशेब चुकला. तुम्ही दोन्ही झालात.

मग त्यांनी ती आज्ञा एकेक अक्षर मागे घेत पुसली. रोजनिशी आहे तशी आहे. अकरा वीसचा मार्क आहे.

तो कागद या पत्रासोबत ठेवते आहे. एका बाजूला तुमचं अक्षर, चालू आहे, हात लावू नका. दुसऱ्या बाजूला माझं: साबण, मीठ, काडेपेट्या, दिव्याचं तेल. चारही कोपरे शाबूत आहेत. माझ्या बाजूने बोलणारं त्यात काही नाही, पण माझं एवढंच एक पत्र आहे ज्यात मी काही लपवलेलं नाही. हे वाचून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तर मी समजेन. दादांशी बोला. त्यांना दुसरा भाऊ नाही, आणि सहाशे चाळीसपैकी दोनशे तुकड्यांना अजून नावं नाहीत, ती त्यांना सापडणार नाहीत, तुम्हालाच सापडतील.

तू लहान असताना मी तुला चूक कबूल केल्याशिवाय ताटावर बसू देत नव्हते. मी मात्र अकरा वर्षं जेवले.

आता शेवटचं. वहीच्या पहिल्याच पानावर तू लाल शाईने लिहिलंयस, की हे मशीन बटणाने बंद करायचं नाही. आधी त्याला सांगायचं, मी जातो आहे. मग ते डोक्यातलं सगळं लिहून ठेवतं, आणि लिहून झालं की स्वतःच सांगतं, आता बंद करा. ती आज्ञा दादांना येते, पण मी त्यांना ती देऊ दिली नाही. मशीन चालू आहे. काल मी पत्र टाकायला गेले तेव्हा चालू होतं, आज देवळात गेले तेव्हा चालू होतं. मीटर फिरतो, फिरू दे. दर वीस मिनिटांनी ते लिहितं आहे, मी आहे, मी आहे.

बंद करायचं असेल तेव्हा तू ये आणि सांगून कर.

वहिनी